नो मॅन्स स्काय घ्यावा का? फिरणं आणि मारामारी, दोन्हीबद्दल जरा सविस्तर

प्रश्न असा आला होता: "भाई, नो मॅन्स स्काय सेलमध्ये आहे. मी आत्तापर्यंत शूटरच खेळलोय. एक मित्र म्हणतो असा गेम दुसरा नाही, दुसरा म्हणतो दहा तासांत झोप येते. लॅपटॉपला १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम. फिरणं आणि मारामारी दोन्ही चांगलं आहे का, की एकच?"

नो मॅन्स स्काय म्हणजे यान घेऊन ग्रहाग्रहांवर भटकायचा कॉम्प्युटर गेम, आणि तुझे दोन्ही मित्र खरं बोलतायत. तू सेकंड इयरला आहेस म्हणालास म्हणून सरळ अरेतुरे करतो.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझ्या बोलण्याला किती भाव द्यायचा ते तुला ठरवता येईल. मी बडोद्यात दांडिया बाजारात नऊ वर्षं गेमिंग पार्लर चालवलं, अकरा मशीन, एक पंखा, आणि परीक्षा संपल्या की बाहेर चपलांचा ढीग. आता घरून गेम टेस्टिंगचं काम करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या गेममध्ये भिंतीवर डोकं आपटून बघायचं की आरपार जातंय का. या एका गेममध्ये माझे नऊशेच्या वर तास झालेत, त्यातले निम्मे तरी काही न करता नुसते चालण्यात गेले असतील, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

इतिहास थोडक्यात. इंग्लंडात गिल्डफर्डला हेलो गेम्स म्हणून छोटी कंपनी आहे, शॉन मरे हा तिचा चेहरा. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला, स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, एका वेळी दोन लाखांहून जास्त लोक खेळत होते, आणि मग काही आठवड्यांत सगळं बसलं. मुलाखतींमध्ये बोललेल्या बऱ्याच गोष्टी गेममध्ये नव्हत्याच. पहिल्याच आठवड्यात दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि त्यांना एकमेकं दिसेनात, हा किस्सा तेव्हा जगभर फिरला. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या, नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी जाहिरातीला क्लीन चिट दिली पण लोकांचा राग काही गेला नाही. त्यानंतर या लोकांनी तोंड बंद ठेवून काम केलं. २०१८ च्या जुलैमध्ये नेक्स्ट नावाचा अपडेट आला आणि खरं मल्टिप्लेयर आलं, २०१९ ला व्हीआर, आणि तेव्हापासून आजपर्यंत अपडेट येतायत, एकाचेही पैसे घेतलेले नाहीत. २०२४ च्या शेवटी स्टीमवरचा एकूण शेरा 'व्हेरी पॉझिटिव्ह' झाला, आठ वर्षं लागली. त्यामुळे २०१६ चे व्हिडिओ बघून मत बनवू नकोस, तो गेम आता राहिलाच नाहीये.

आता मुद्द्यावर. हा गेम नीट कळायला एक गोष्ट समजून घे, कारण याचं चांगलं आणि वाईट दोन्ही तिथूनच निघतं. यात १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१६ ग्रह आहेत. दोनचा चौसष्टावा घात. एका सेकंदाला एक ग्रह बघितलास तरी सगळे बघायला सुमारे ५८,००० कोटी वर्षं लागतील. एवढे ग्रह कुणी बनवून ठेवलेले नाहीत आणि तुझ्या हार्डडिस्कवरही नाहीत. आपल्याकडे आजी ठिपक्यांच्या रांगोळ्या कागदावर जपून ठेवते का? नाही ना, ती फक्त "पंधरा ते आठ" एवढं सांगते आणि जोडायचा नियम सांगते, मग ती रांगोळी तू मांडवीत काढ नाहीतर मांजलपुरात काढ, सारखीच येणार. तसंच हे. प्रत्येक ग्रहाचा एक आकडा आहे, तू जवळ गेलास की तो आकडा आणि नियम घेऊन कॉम्प्युटर तिथल्या तिथे डोंगर, गवत, जनावरं, आभाळाचा रंग काढतो, तू निघून गेलास की पुसतो, आणि तोच आकडा माझ्या मशीनवर गेला की मलाही तोच डोंगर दिसतो. म्हणूनच एवढं मोठं विश्व असूनही इन्स्टॉल साइज आजकालच्या मोठ्या शूटरच्या मानाने चिल्लर आहे.

या नियमातून जागा फार सुंदर निघतात. मारामारी मात्र रांगोळीसारखी निघत नाही रे, ती लेझमासारखी माणसाने उभं राहून बसवावी लागते. एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं त्याचं विवरण.

आधी फिरण्याचं सांगतो कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

विश्वामित्रीच्या पुलावरून जाताना प्रत्येक बडोदेकर एकदा तरी खाली डोकावतो, मगर दिसते का म्हणून. घाई असो, गाडीवर मागे बायको ओरडत असो, मान वळतेच. दहापैकी नऊ वेळा नुसतं गढूळ पाणी दिसतं आणि तरी अकराव्या वेळी परत मान वळते. हा गेम त्या मान वळण्यावर उभा आहे. यानातून उतरलास, समोर टेकडी, टेकडीच्या मागून नारिंगी काहीतरी चमकतंय, थंडीवाऱ्यापासून वाचवणाऱ्या सूटच्या प्रोटेक्शनचा बार ४० टक्क्यांवर आलाय, परत फिरायला पाहिजे हे कळतंय, आणि तरी तू टेकडी चढतोस. वर गेल्यावर कधी नुसतंच गवत असतं, कधी दोन चंद्र एकाच वेळी उगवत असतात आणि खाली दरीत पायच नसलेली जनावरं टुणटुणत चाललेली असतात. आणि जमिनीवरून यान उचलून थेट अंतराळात आणि तिथून शेजारच्या ग्रहाच्या जमिनीवर, मध्ये लोडिंगची एक स्क्रीन येत नाही, हे आजही मला जादूच वाटतं आणि मी हे काम पोटासाठी करतो.

जुलै २०२४ च्या वर्ल्ड्स अपडेटने ढग, वारा, पाण्याच्या लाटा सगळं नव्याने बसवलं. तो मी जेमतेम महिनाभर खेळलो आणि ऑगस्टच्या शेवटी आपल्याकडे तो पूर आला, आमच्या गल्लीत दोन दिवस वीज नाही, तळमजल्यात पाणी, लोक व्हॉट्सॲपवर मगरींचे व्हिडिओ पाठवतायत. वीज आल्यावर गेम लावला आणि समोर समुद्राचा ग्रह आला, तेव्हा खरं सांगतो लगेच दुसरीकडे उडालो. पाणी बघवत नव्हतं. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या भागात तर खोल समुद्र, प्रचंड गॅसचे ग्रह आणि जांभळे तारे आले, पण जांभळ्या ताऱ्यांपर्यंत पोचायला कथेतलं बरंच काम आधी उरकावं लागतं, पहिल्या आठवड्यात त्याची आशा धरू नकोस.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही, भाषा. यात गेक, कॉर्वॅक्स आणि वायकीन अशा तीन मुख्य जमाती आहेत. गेक व्यापारी, बुटके, चोचवाले. पहिल्यांदा भेटलास की तो जे बोलतो ते सगळं अगम्य अक्षरांत दिसतं आणि खाली तुला तीनचार पर्याय, काय करायचं ते तुझ्या अंदाजाने. मग वाटेतल्या दगडांवरून, लोकांशी बोलून एकेक शब्द मिळतो. पन्नासेक शब्द झाले की वाक्यात मध्येच 'मित्र', 'धोका' असं काहीतरी दिसायला लागतं आणि तू त्यावरून उरलेलं ओढूनताणून लावतोस. माझी आजी लग्न होऊन पुण्याहून बडोद्याला आली तेव्हा तिला गुजरातीचा गंध नव्हता, तिने गुजराती अशीच उचलली, भाजीवालीकडून एक शब्द, शेजारणीकडून एक, आणि वर्षभर नुसती मान हलवून "हा, हा" करत राहिली. गेममध्ये मीही एकदा असाच "हा, हा" केला आणि त्या गेकने माझ्याकडचा माल उचलून बदल्यात काहीच दिलं नाही. इतकं हसलो मी.

आता फिरण्यातलं वाईट. एक ग्रह म्हणजे एकच हवामान. बर्फाचा म्हणजे सगळीकडे बर्फ, वाळवंट म्हणजे ध्रुवावरसुद्धा वाळवंट. आपल्याकडे नर्मदा ओलांडली की पाण्याची चव बदलते, इथे अर्धा ग्रह उडत गेलास तरी तेच मशरूम. म्हणजे वीस मिनिटांत ग्रह कळला, उरलेला त्याचीच कॉपी. तीसचाळीस ग्रह झाले की तुला ठिपके दिसायला लागतात, रांगोळी दिसेनाशी होते. अरे हे तर त्या जनावराचं धड आणि याचं डोकं. हा तो क्षण, जिथे तुझ्या दुसऱ्या मित्राला झोप आली असणार. आणि दुसरं म्हणजे जवळजवळ प्रत्येक ग्रहावर आधीच कुणाची तरी झोपडी, कुणाचं तरी दुकान, डोक्यावरून यानं चाललेली. जिथे कुणीच पोचलं नाही म्हणून तू छाती फुगवून उतरतोस तिथे चहाची टपरी असल्यासारखं वाटतं. रिकाम्या, वस्ती नसलेल्या सिस्टिम्स (एक तारा आणि त्याचे ग्रह म्हणजे एक सिस्टिम) आहेत पण शोधाव्या लागतात.

आणि मेनू! देवा. प्रत्येक गोष्टीला बटण दाबून धरायचं. बॅगेतल्या कप्प्यांची मारामारी तर पहिल्या वीस तासांत खऱ्या मारामारीपेक्षा जास्त होते, कार्बन टाकू की सोडियम टाकू. ते पुढे सुटतं, सूटचे कप्पे वाढवत गेलास की, एवढंच सांगतो.

आता तुझा खरा प्रश्न, मारामारी.

जमिनीवर तुझा शत्रू म्हणजे सेंटिनल, उडणारे ड्रोन, ग्रहांचे चौकीदार म्हण. दगड फोडताना बघितलं, किंवा तू काही मौल्यवान उचललंस की ते येतात. त्यांची एक लाट संपवली की दुसरी येते, अशा पाच. पाचही संपवल्यास तर त्या ग्रहावरचे सेंटिनल काही वेळ बंद पडतात. फेब्रुवारी २०२२ च्या सेंटिनल अपडेटनंतर यात बरीच जान आली, एक ड्रोन दुसऱ्यांची दुरुस्ती करतो, एक आणखी ड्रोन बोलावतो, चार पायांचे कुत्र्यासारखे आहेत, शेवटी मोठे धूड येतात. दुरुस्तीवाल्याला आधी उडव, नाहीतर रात्रभर तेच करत बसशील.

पण बघ, टेस्टिंगमध्ये मारामारी बघताना मी नेहमी तीन गोष्टी बघतो. शत्रू काय करणार आहे हे आधी कळतं का, त्यावर मला काही उत्तर देता येतं का, आणि चुकलो तर काही जातं का. पार्लरमध्ये पोरं काउंटर स्ट्राइक खेळायची तेव्हा एका कोपऱ्यावर कोण उभा असेल यावरून श्वास अडकायचे, कारण मेलास की राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. इथे ड्रोन हवेत घिरट्या घालत गोळ्या मारतात, पाठीमागून कधी लागली ते कळत नाही, उत्तर म्हणजे ढाल भर आणि परत मार. आणि नॉर्मल मोडमध्ये मेलास तर तुझं सामान तिथेच थडग्यासारखं पडून राहतं, जाऊन उचलून आण. शिवाय न्यूट्रॉन कॅनन म्हणून एक हत्यार आहे, त्याला तीन चांगले अपग्रेड लावून सुपरचार्ज्ड, म्हणजे जास्त ताकद देणाऱ्या, कप्प्यांत बसवलंस की सगळे शत्रू एकसारखेच मरतात. २५६ आकाशगंगा आहेत या गेममध्ये आणि सगळ्यांत हेच ड्रोन. इथेच ते लेझीम आठव. डोंगर आकड्यातून काढता येतो, पण ड्रोन कसा वळेल, मार बसल्यावर कसा दचकेल, त्याचा आवाज कसा असेल हे माणसाने बसून ठरवायचं असतं, आणि मूठभर माणसं त्यातले किती बसवणार.

अंतराळातली लढाई दिसायला भारी. चाचे आले की तुझं पल्स इंजिन, म्हणजे यान सुसाट पळवणारं इंजिन, चालेनासं होतं, म्हणजे झटकन पळून जायची सोय नाही, लढ. लेझर, रॉकेट, इन्फ्रा नाइफ, पॉझिट्रॉन इजेक्टर वगैरे. ढाल संपली की लढतालढता क्विक मेनूतून सोडियम भरायचं, याची बोटांना सवय लाव. आधी शत्रू सारखा स्क्रीनच्या बाहेर जायचा म्हणून आता ब्रेक दाबून धरला की यान आपोआप त्याच्या मागे वळत राहतं. यामुळे नवीन माणसाची सोय झाली आणि कौशल्य गेलं, दोन यानं गरब्यासारखी गोल फिरतायत आणि तू फक्त टाळी, म्हणजे गोळी, मारायची. मी ते बटण वापरायचं सोडून दिलंय. एक लढाई मात्र चुकवू नकोस. हायपरड्राइव्हने एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायच्या सुरुवातीच्या पाचएक उड्या झाल्या की एका सिस्टिममध्ये शिरल्याशिरल्या चाचे एका मोठ्या मालवाहू जहाजावर तुटून पडलेले दिसतात. वाचवलंस तर कॅप्टन ते आख्खं जहाज तुला फुकट देऊ करतो. पहिल्यांदा त्याच्या डेकवर यान उतरवलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

२०२० च्या डिसोलेशन अपडेटमधली बंद पडलेली जहाजं हीसुद्धा चांगली. अंधार, कडाक्याची थंडी, दारामागे वळवळणारं काहीतरी, कागदपत्रांत मेलेल्या खलाशांच्या नोंदी. तिथे बंदूक हातात धरण्याला अर्थ आहे कारण जागा हाताने बसवलेल्या तुकड्यांची आहे.

पण तुला वाटेल मग मारामारी टाकाऊच. थांब. माझी या गेममधली सगळ्यात चांगली लढाई सांगतो, तिच्यात मी फार तर सहा गोळ्या झाडल्या असतील. सर्व्हायव्हल नावाच्या कठीण मोडवर खेळत होतो. गोठलेला ग्रह, सेंटिनल चिडके. जमिनीवर ग्रॅव्हिटिनो बॉल दिसले, भाव चांगला येतो, उचलले, आणि उचलल्याबरोबर ड्रोन अंगावर. पळत यानाकडे गेलो, आत बसलो, उडायला गेलो तर लाँच फ्युएल शून्य. माझाच गाढवपणा. ते बनवायला डाय-हायड्रोजन ४० आणि एक मेटल प्लेटिंग लागतं, डाय-हायड्रोजनचे निळे स्फटिक बाहेर, आणि बाहेर आता वादळही सुरू झालं. बार झपाझप उतरतोय, सोडियम संपलेलं. मग यानातून उतरून टेरेन मॅनिप्युलेटरने सरळ पायाखाली खड्डा खणला, तिरका आत गेलो आणि बसलो. जमिनीखाली थंडी लागत नाही. वर ड्रोन शोधतायत, त्यांचा तो यांत्रिक टीटी आवाज जवळ येतोय, लांब जातोय. मी त्या भुयारातून तसाच खणत खणत स्फटिकाच्या दिशेने गेलो, उंदरासारखं डोकं बाहेर काढलं, खरवडलं, आत. चाळीस भरायला तीन वेळा डोकं काढावं लागलं. यान उडालं तेव्हा माझे हात ओले होते, आणि खाली स्वयंपाकघरातून आई विचारतेय की कुणाशी भांडतोयस.

यातली बंदूक बाजूला काढ आणि नीट बघ, मजा कुठून आली. वादळ, इंधन, भुयार, भाव येणारी वस्तू, हे सगळं फिरण्याचं सामान आहे. या गेममध्ये लढाई एकटी उभी राहत नाही, पण तुझ्या फिरण्याच्या आड आली की चांगली चावते. आणि नॉर्मलवर ती आड येतच नाही कारण इंधन, ढाल, जीव सगळंच स्वस्त आहे. म्हणून शूटरमधून आलेल्या माणसाला माझा सल्ला असा की नॉर्मलवर खेळूच नकोस. ऑक्टोबर २०२२ पासून कठीणपणा बारीकबारीक तुकड्यांत ठरवता येतो. इंधनाचा खर्च वाढव, मेल्यावरचं नुकसान वाढव, शत्रूंची ताकद वाढव, पण बॅगेची मर्यादा आणि दुकानातला माल नॉर्मलच ठेव, नाहीतर नुसती हमाली होते. परमाडेथ, म्हणजे मेलास की सेव्हच गेला, त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस.

तुला बंदुकीचीच हौस असेल तर स्टारफिल्डमधली गोळीबारी याच्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे, पण तिथे ग्रहावर उतरताना लोडिंग येतं आणि तुझ्या लॅपटॉपला तो झेपणारही नाही. यान चालवण्याची खरी कसरत हवी तर एलिट डेंजरस, २०१४ चा आहे, शिकायला मात्र महिना लागतो. फक्त अंतराळातली लढाई आणि तीही हाताने बसवलेली, तर एव्हरस्पेस २. आणि मारामारीशिवाय भीती कशी असते ते बघायचं असेल तर समुद्राखालचा सबनॉटिका, पण पावसाळ्यात नको.

लॅपटॉपचं. कंपनी किमान १०६० चं ३ जीबी कार्ड आणि ८ जीबी रॅम मागते, तुझं १६५० त्याच्याच आसपासचं आहे, सेटिंग मीडियम-लो वर ठेवलंस तर खेळण्यासारखं चालेल. ॲनॉमली नावाच्या स्टेशनवर बाकीचे खेळाडू जमतात तिथे अडखळेल, कुणी मोठमोठे बेस बांधलेत तिथेही. एसएसडीवर टाक, आणि पुढेमागे आणखी ८ जीबी रॅम घाल. नेट नसलं तरी एकट्याने खेळता येतो, हॉस्टेलचं वायफाय असेल तर ही मोठी सोय आहे.

शेवटी पैशांचं. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. पण या गेमचे पहिले दोन तास म्हणजे ट्युटोरियल, दगड फोड, यान दुरुस्त कर, हे आण ते आण, सगळ्यात रटाळ भाग तोच. त्यावरून गेम आवडला की नाही ते ठरवू नकोस, ते दोन तास फक्त लॅपटॉप तापून बंद पडतोय का ते बघायला वापर. तो नीट चालला तर पहिलं यान उडव, वर जा, आणि दुसऱ्या ग्रहावर उतरायच्या आधी एकदा मागे वळून आपला आधीचा ग्रह बघ. मला तेव्हाच कळलं होतं, तुला नाही वाटलं काही तर परत कर बिनधास्त.